मीम

आमच्या आडनावात एक अक्षर कमी आहे.
कुणी चोरलं नाही.
जालना स्टेशनच्या मुहर्रिरानं, वजीर अलीनं,
हजेरीच्या वहीत उर्दूत नाव उतरवताना
बोरू कोरडा पडला म्हणून,
किंवा पंगतीला उशीर होत होता म्हणून,
मीम गाळला.
उरलेलं ज्याला जसं जमलं तसं त्यानं वाचलं,
आष्टकर, अष्टेकर,
आणि पगाराच्या दिवशी, अंगठ्यासकट, कायमचं
आष्टीकर.

मूळचे आम्ही आष्टमकर.
रोह्यासमोर, नदीपल्याड, अष्टमी नावाचं गाव.
त्याआधी तर आडनावच नव्हतं.
हसाजी एलोजी, एलोजी हसाजी,
आजा नातवात परत यायचा,
तेवढी ओळख घाण्याला पुरत होती.
शनिवारी बैलसुद्धा मोकळा.
गाव म्हणे शनवार तेली,
आम्ही ओ देत होतो.
‘कर’ लागला तो पलटणीत,
एकाच हाकेला सात हसाजी पुढे आले तेव्हा.

आठवा हसाजी माझा पणजा,
निजामाच्या रेल्वेवर सुतार.
रूळ पुढे परभणीकडे निघाले होते,
सोबतचे निघाले, मुकादम निघाला.
ह्यानं पुलाखाली धुणं आपटणाऱ्या बाईला
उगाच विचारलं, नदीचं नाव काय?
ती म्हणाली, कुंडलिका.

त्यानं करवतीची पिशवी खाली ठेवली.

आता बघा, त्याची कुंडलिका खारी,
भरतीला उलटी फिरणारी, होड्या बांधलेली.
ही गुडघाभर, चैत्रात तर तेवढीही नाही.
पण नाव ऐकून माणूस थांबतो.
चौकटीवर मेजुजा ठोकला,
एलियाहू हनावीच्या मलिद्याला नारळ
मनमाडहून मागवू लागला, आणि थांबला
तो थांबलाच.

मीम मात्र फिरत राहिला.
एक चुलतआजा त्याला कराचीला घेऊन गेला,
तिथून पुढे पत्र नाही.
मुंबईच्या एका पासावर तो अ‍ॅस्टमकर,
दम्याच्या औषधासारखा.
माझी बहीण सेगुल्ला लोदला गेली,
तिनं लिहिलं:
‘जेरुशा, इथला कारकूनही उजवीकडूनच लिहितो गं,
आणि मधले स्वर खातो.
मी भीत भीत आजोबांसारखं सांगितलं, आष्टमकर.
त्यानं मेम ठेवला.
मेम म्हणजे आपला मीमच.
आता माझा नातू ते वाचतो अश्तमकार,
काय म्हणून वाचतो ते त्याचं त्याला ठाऊक.’

म्हणजे ती आष्टमकर, मी आष्टीकर,
सख्ख्या बहिणी.
बँकेतल्या पोरानं मागे हीच अडचण काढली.
वारस म्हणून हिचं नाव कसं लावू, काकू?
अक्षर जुळत नाही.
मी म्हटलं, बाळा, शंभर वर्षांपूर्वी
एका माणसाला भूक लागली होती.
तो म्हणाला, तसा कॉलम नाही.

इकडे ह्या नावानं मला सोयरे मात्र खूप मिळाले.
शाळेत होते तेव्हा दर वर्षी एक तरी पालक,
अन् परवा बाजारात मोसंबीवाला,
पिशवीवरचं नाव वाचून:
‘आष्टीच्या का तुम्ही, बाई?
कोनती आष्टी? परतूरची का बीडची?
परतूरच्या आष्टीला माझी मावशी दिलेली हाय.’

एरवी मी सगळं सांगत बसते,
तेल, पलटण, वजीर अली.
परवा ऊन फार होतं.
म्हटलं, नदीकाठची.
‘कोनती नदी?’
कुंडलिका.
तो तागडी धरून थबकला.
‘आवं, कुंडलिका तर ही. आपली.
आष्टीला कुठली कुंडलिका?’

मी काही बोलले नाही.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
वयाचा अंदाज घेतला,
आणि वजन झाल्यावर
एक मोसंबी वर टाकली.